नाफ्प्लिओ : बाहेरून आलेल्यांचं गाव

तांडेल

कप्तान म्हणाले, "आधी देवळात जाऊ, किल्ला मग." मला वाटलं, नमस्कार करून निघायचं असेल. पण गल्लीतल्या छोट्याशा चर्चपाशी आलो तर ते आत शिरेचनात. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीत एक काच बसवलेली होती आणि काचेखाली दगडात खळगा होता. "गोळीची खूण," ते म्हणाले. "आमच्या देशाच्या पहिल्या प्रमुखाला इथं मारलं. मारणारेही आमचेच."

मी जहाजावर इंजिनरूममध्ये तेवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी ग्रीक मालकांच्या बोटींवर. हे कप्तान आर्गोसच्या आखाताकाठचे. एका फेब्रुवारीत पिरेउसला उतरलो आणि दोन दिवस हातात होते. अथेन्स राहू दे, आमच्याकडे चल, म्हणाले. रस्ताभर दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, झाडं लगडलेली. आणि मग एकदम समुद्र, त्यात टोक काढून बसलेलं नाफ्प्लिओ आणि गावाच्या डोक्यावर उभा कातळ.

तेव्हापासून या गावाबद्दल मिळेल ते वाचत आलोय. ग्रीस म्हटलं की आपल्याकडे अथेन्स, स्पार्टा आणि सिकंदर यांपुढे गाडी जात नाही. मधली दोन हजार वर्षं कुठं गेली, असं कुणी विचारत नाही. ती सगळी या एका गावात सापडतात, म्हणून हा धागा.

गावाच्या इतिहासातली पहिली पक्की गोष्ट म्हणजे गावच उठवल्याची. इसवीसनपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या आर्गोसनं हे बंदर घेतलं आणि इथल्या लोकांना हाकलून दिलं. त्यांचा ओढा स्पार्टाकडे होता, हा त्यांचा गुन्हा. स्पार्टानं मग त्यांना दूर नैर्ऋत्येला मेथोनी वसवायला दिलं. पुढं दुसऱ्या शतकात पौसानियास हा प्रवासी इथं आला, तेव्हा त्याला गाव ओसाड दिसलं. पडक्या भिंती, पोसेडॉनचं देऊळ, धक्के आणि कानाथोस नावाचा झरा एवढंच तो नोंदवतो. या झऱ्यात हेरा देवी दरवर्षी न्हाऊन पुन्हा कुमारिका होते, असं आर्गोसचे लोक सांगत. तो झरा म्हणजे आजच्या आयिआ मोनी या मठाजवळचा, असं मानतात. बाराव्या शतकातला हा मठ अजून नांदता आहे.

पुढं बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याचे लोक आले. १२००च्या सुमारास लेओन स्गूरोस नावाचा इथलाच एक सरदार बादशहाला न जुमानता आर्गोस, नाफ्प्लिओ आणि कोरिंथ बळकावून बसला. त्याच्यामागे फ्रँक, म्हणजे पश्चिमेकडचे धर्मयोद्धे. त्यांच्या घराण्याची शेवटची वारसदार मारी ही तरुण विधवा होती. १३८८ मध्ये तिनं वर्षासनाच्या बदल्यात आर्गोस आणि नाफ्प्लिओ व्हेनिसला विकून टाकलं. गाव विकत घेतलेलं! व्हेनिसच्या कागदपत्रांत त्याचं नाव 'नापोली दी रोमानिया'.

व्हेनिसनं १५४० पर्यंत ते राखलं, मग तहात तुर्कांना दिलं. १६८६ मध्ये व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी यानं परत घेतलं, १७१५ मध्ये पुन्हा तुर्कांकडे. १८२२ मध्ये ग्रीकांनी घेतलं. पुढं स्वतंत्र ग्रीसची राजधानी, ती १८३४ पर्यंत. १८३३च्या फेब्रुवारीत बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र ओटो इंग्रजी युद्धनौकेतून याच बंदरात राजा म्हणून उतरला. पुढच्या वर्षी राजधानी अथेन्सला गेली. आज गावात चौदा हजारांच्या आसपास वस्ती आहे.

वाचताना एक गोष्ट मला सतत जाणवत राहिली. या गावात 'मूळचा' कुणी नाहीच. जो आला तो बाहेरून आला, बहुतेक वेळा समुद्रातून, आणि आधीच्याच्या पायावर भिंत रचून राहिला. आक्रोनाफ्प्लिया, म्हणजे गावाच्या माथ्यावरचा जुना किल्ला, त्याचा तट पाहिला की हे डोळ्यांनी दिसतं. खाली प्राचीन ग्रीकांचे चुन्याशिवाय बसवलेले अजस्र चिरे, त्यावर बायझंटाइन काम, त्यावर व्हेनिसचं.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं तर सांगावं.

शब्दखुळी

तांडेल, सुंदर लिहिलंय. नावाबद्दल मी सांगते, कारण ते आपल्या घरचं आहे.

प्राचीन नाव नाउप्लिया. भूगोलकार स्त्राबो म्हणतो, जहाजं इथं येतात म्हणून हे नाव. यातलं 'नाउस' म्हणजे जहाज, तीच आपली संस्कृत 'नौ', नौकेतली. आणि 'प्लेओ' म्हणजे तरंगत जाणं, प्रवास करणं. ते आपल्या 'प्लु' धातूचं भावंड. प्लवन, प्लव, उत्प्लावन हे शब्द त्याच घरातले. म्हणजे शाळेत आर्किमिडीजचं उत्प्लावक बल शिकताना आपण या गावाच्या नावाचा अर्धा भाग उच्चारत होतो.

बंदराच्या तोंडाशी बेटावर जो छोटा जलदुर्ग आहे, त्याचं नाव बुर्झी. हा शब्द तुर्कांकडून आला आणि त्याच्या मुळाशी अरबी 'बुर्ज' आहे. आपला 'बुरूज'ही फारसीमार्गे तिथूनच आलाय. एकच शब्द दोन वाटांनी दोन किनाऱ्यांवर पोचला.

गडवाट

वा! जलदुर्गाचं नाव निघालं की मी धाग्यावर मुक्कामाला येतो.

बुर्झी व्हेनिसनं १४७३ मध्ये बांधून घेतला. स्थपती बेर्गामोचा आंतोनिओ गांबेल्लो. बेट एवढंसं की खडकाचा आकार तोच किल्ल्याचा आकार. आपल्या किनाऱ्यावरचे जलदुर्ग पाहिलेल्याला हे लगेच कळतं. बुर्झीपासून गावाच्या तटापर्यंत पाण्यात साखळदंड ताणला की बंदराला कुलूप लागायचं, म्हणून व्हेनिसचे लोक बंदराला 'पोर्तो कादेना' म्हणत. कादेना म्हणजे साखळी.

पण माझा जीव अडकलाय तो पालामिदीत. दोनशे मीटरांहून उंच कातळावर १७११ ते १७१४ या अवघ्या तीन वर्षांत व्हेनिसनं हा किल्ला उभा केला. याची मांडणी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. आठ बुरूज, पण आपल्याकडे तटात गुंफलेले असतात तसे हे नाहीत. प्रत्येक बुरूज म्हणजे एक स्वतंत्र किल्ला, त्याचा तट वेगळा. एक पडला तरी शेजारचा लढत राहावा आणि पडलेल्या बुरुजावर तोफा डागू शकावा, हा हिशोब. पावसाचं पाणी साठवायला मोठी टाकी. कागदावर हा किल्ला अजिंक्य आहे.

आणि पुढच्याच वर्षी, १७१५ मध्ये, तो आठवड्याभरात पडला. कारण काय? शिबंदीच नव्हती! आठ बुरूज बांधले, पण आठ बुरुजांना पुरतील एवढी माणसं व्हेनिसकडे उरली नव्हती. लासाल नावाच्या इंजिनियरनं नकाशे शत्रूला दिले, असाही आरोप झाला. ते असो वा नसो, मला विचाराल तर किल्ला माणसांवाचूनच पडला. तट कितीही भक्कम असला तरी तटावर उभं राहणारा लागतो.

१८२२ ला उलटं घडलं. तुर्कांच्या ताब्यातलं गाव ग्रीकांच्या वेढ्यात होतं. सोडवायला आलेल्या तुर्क सेनापती द्रामालीच्या प्रचंड फौजेची ग्रीक सेनानी कोलोकोत्रोनिसनं उन्हाळ्यात देर्वेनाकियाच्या खिंडीत दाणादाण उडवली होती, त्यामुळे रसद येण्याची आशा संपली. २९ नोव्हेंबरच्या रात्री ग्रीकांचा स्ताइकोस स्ताइकोपुलोस साडेतीनशे माणसं घेऊन कातळ चढला. तटावर पहिला पोचला तो दिमित्रिओस मोस्खोनिसिओतिस. उपाशी शिबंदी बरीचशी खाली गावात उतरली होती. किल्ला जवळजवळ रक्त न सांडता हाती आला. दुसऱ्या दिवशी संत आंद्रेआसचा सण होता, म्हणून किल्ल्यातलं चर्च आणि तो बुरूज त्याच्या नावाचे.

निशिगंध

गडवाट, 'हाती आला' याच्या पुढचंही लिहायला हवं. गावात मुसलमान कुटुंबं होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यांचं काय झालं?

वर्षभर आधी तुर्कांच्या ताब्यातलं त्रिपोलित्सा हे शहर ग्रीकांच्या हाती पडलं तेव्हा तिथं भयंकर कत्तल झाली होती. इथंही तेच होणार, अशी भीती होती. ते टळलं. कॅप्टन हॅमिल्टन हा इंग्रज अधिकारी 'केंब्रियन' ही युद्धनौका घेऊन बंदरात आला. त्यानं शेकडो उपासमारीनं गळालेल्या माणसांना बोटीवर घेतलं आणि आशिया मायनरमधल्या स्मिर्नाला पोचवलं. बाकीच्यांनाही जहाजांतून पाठवलं गेलं. तांडेल, तुम्ही म्हणता ना, सगळे समुद्रातून आले. हे समुद्रातूनच गेले. आर्गोसनं हाकललेल्यांसारखेच.

त्यांच्या मशिदी अजून आहेत. एक सिन्दाग्मा चौकात आहे. देशाचा पहिला प्रमुख कापोदिस्त्रियास याच्या काळात तिथं शाळा भरली आणि नंतर ती नाटक-सिनेमाचं सभागृह झाली. दुसरीला 'वुलेफ्तिको' म्हणतात, म्हणजे संसद, कारण १८२५-२६ मध्ये ग्रीकांचं विधिमंडळ तिथं भरायचं. जिथं नमाज व्हायची तिथं नव्या देशाचे कायदे झाले. मला या दोन इमारती पालामिदीपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

तांडेल

निशिगंधताई, हे मी लिहायला हवं होतं. आभार. वुलेफ्तिकोची आणखी एक हकिगत आहे.

१८३४ मध्ये कोलोकोत्रोनिसवर राजद्रोहाचा खटला भरला. ज्यानं द्रामालीला अडवलं, म्हणजे ज्याच्यामुळे नाफ्प्लिओ मिळालं, तोच म्हातारा त्याच नाफ्प्लिओत आरोपी! ओटो वयात आलेला नव्हता, कारभार बव्हेरियन प्रतिनिधींकडे होता आणि त्यांना जुने सेनानी नको होते. खटला याच मशिदीत चालला. पाच न्यायाधीशांपैकी पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी फाशीच्या निकालावर सही करायला नकार दिला. त्यांना संगिनी लावून आसनावर बसवलं, तरी सही केली नाही. शिक्षा पुढं कैदेवर आली आणि १८३५ मध्ये ओटो सज्ञान झाल्यावर माफी मिळाली.

पालामिदीत त्याची म्हणून एक कोठडी दाखवतात. आत जायला जवळजवळ रांगावं लागतं. मी शिरलो आणि दारातला उजेड माझ्याच अंगानं अडला. दोन मिनिटांत बाहेर आलो. कप्तान आत आलेच नाहीत. "एकदा गेलोय, शाळेत असताना. पुरे," म्हणाले.

पांथस्थ

वाचतोय. पालामिदीच्या पायऱ्या खरंच ९९९ आहेत का?

तांडेल

सगळे ९९९ सांगतात. हजारावी कोलोकोत्रोनिसच्या घोड्याच्या टापेखाली फुटली, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. मी मोजत चढलो आणि दरवाजापाशी आलो तेव्हा नऊशेसुद्धा भरल्या नव्हत्या. कप्तानांना सांगितलं तर म्हणाले, "तू चुकलास." मी वाद घातला नाही.

जुनीवही

कापोदिस्त्रियासच्या खुनाबद्दल सविस्तर लिहा ना कुणीतरी. काचेखालच्या खुणेवर धागा सुरू झाला आणि तिथंच विषय राहिला.

निशिगंध

मी प्रयत्न करते.

योआनिस कापोदिस्त्रियास कोर्फूचा. रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री राहिलेला, युरोपभर दबदबा. १८२७ मध्ये ग्रीकांच्या सभेनं त्याला देशाचा प्रमुख निवडलं आणि जानेवारी १८२८ मध्ये तो याच बंदरात उतरला. देश म्हणजे काय, तर जळलेली शेतं, रिकामी तिजोरी, एकमेकांवर तोफा रोखलेले सरदार. त्यानं फिनिक्स हे नाणं पाडलं, लष्करी विद्यालय काढलं, साथींसाठी विलगीकरण सुरू केलं, शाळा उघडल्या. निर्वासितांसाठी गावाबाहेर आखीव रस्त्यांची वस्ती बसवली, ती प्रोनिया. हे त्याचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

बटाट्याची गोष्ट दंतकथा असेल, पण अजून सांगितली जाते. बटाटे आणवले तर लोक घेईनात. मग त्यानं ढिगावर पहारा बसवला आणि शिपायांना सांगितलं, कुणी चोरलं तर काणाडोळा करा. पहारा आहे म्हणजे माल मोलाचा असणार, असं म्हणून लोकांनी रातोरात ढीग संपवला.

पण सरदारांशी त्याचं जमलं नाही. मानी प्रांताचा म्होरक्या पेत्रोबे माव्रोमिखालिस याला त्यानं कैदेत टाकलं. २७ सप्टेंबर १८३१, नव्या पंचांगानं ९ ऑक्टोबर, रविवार. पहाटे तो प्रार्थनेला आयिओस स्पिरिदोन या चर्चला, म्हणजे त्या काचेच्या खुणेच्या चर्चला आला. दारात पेत्रोबेचा भाऊ कोन्स्तान्तिनोस आणि मुलगा येओर्गिओस उभे होते. एकानं गोळी झाडली, दुसऱ्यानं सुरा चालवला. कोन्स्तान्तिनोसला जमावानं तिथंच संपवलं. येओर्गिओस फ्रेंच राजदूताच्या घरात शिरला, पण त्याला ताब्यात दिलं गेलं आणि गोळ्या घालून देहदंड झाला.

माझ्या मते तो माणूस जगला असता तर ग्रीसला परका राजा आणावा लागला नसता.

गडवाट

निशिगंध, थोडा वेगळा सूर लावतो. माव्रोमिखालिस घराणं म्हणजे खुनी, एवढंच चित्र राहायला नको. मार्च १८२१ मध्ये कालामाता जिंकणारे हेच मानीचे लोक. घरातली कितीतरी माणसं स्वातंत्र्ययुद्धात पडली. आणि ज्या राज्यासाठी पडली, त्या राज्यानं घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याला कोंडलं. राज्यघटना बाजूला ठेवलेली, वर्तमानपत्रांवर बंधनं. हिड्रा बेट उघड बंड करून उठलं. ज्या मियाउलिसनं समुद्रावर तुर्कांना दमवलं, त्यानंच १८३१च्या ऑगस्टमध्ये पोरोस बेटापाशी सरकारच्या हाती जाऊ नयेत म्हणून देशाची जहाजं जाळली. एवढी माणसं विनाकारण उलटत नाहीत.

खुनाचं समर्थन करत नाही. पण कापोदिस्त्रियासला घाई झाली होती.

निशिगंध

घाई होती, मान्य. पण त्यानं पगार घेतला नाही, उलट स्वतःची मालमत्ता देशासाठी घातली. मी त्याच्या बाजूनंच राहीन.

दूरदेशी

मी म्युनिकला राहतो, त्यामुळे ओटोचा विषय निघाला की कान टवकारतात. बापाला ग्रीसचं एवढं वेड होतं की लुडविग पहिल्यानं म्युनिकमध्ये ग्रीक खांबांच्या इमारतींची रांग उभी केली. मुलगा नाफ्प्लिओला गेला तेव्हा हजारो बव्हेरियन सैनिक सोबत होते.

त्यातले कित्येक लढाईत नाही, तापानं मेले. १८३३-३४ मध्ये प्रोनियात टायफसची साथ आली. लुडविगनं त्यांच्या स्मरणार्थ खडकात सिंह कोरून घेतला. शिल्पकार क्रिस्टियान सिगेल. मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम गेलो होतो. वस्तीच्या मधोमध, घरांच्या आड, तो सिंह पुढच्या पंजांवर डोकं टेकून पडलाय. विजयाचं काहीच नाही त्यात. गावाकडच्या आयांना ही पोरं कुठं गेली हेही कळलं नसेल.

तांडेलकाका, तुमचं 'सगळे बाहेरचे' तिथं मला पटलं. निर्वासितांसाठी वसवलेल्या वस्तीत परक्या सैनिकांचं स्मारक आहे आणि त्याच्यासमोर मुलं फुटबॉल खेळत होती.

जुनीवही

आभार निशिगंध, दूरदेशी. आता जे पर्यटकांना कुणी सांगत नाही ते लिहितो.

राजधानी गेल्यावर हे गाव तुरुंगाचं गाव झालं. पालामिदीत जन्मठेपेचे आणि फाशीचे कैदी. शिरच्छेद यंत्रानं व्हायचा आणि तो करणारे स्वतः शिक्षा झालेले कैदीच असत. त्यांना गावात कुणी जागा देईना, म्हणून १८६५ पासून त्यांना बुर्झीत ठेवलं. तुम्ही ज्याचे फोटो काढता त्या सुंदर जलदुर्गात अनेक दशकं हे शापित लोक राहत होते. बोटीनं यायचं, काम करायचं, बोटीनं परत. पुढं तिथं हॉटेल झालं.

आक्रोनाफ्प्लियाचं तर अजून जवळचं दुखणं. १९३७ पासून मेताक्सासच्या हुकूमशाहीनं तिथं शेकडो कम्युनिस्ट डांबले. जर्मन आले तेव्हा ग्रीक पहारेकऱ्यांनी दारं उघडली नाहीत, कैदी तसेच जर्मनांच्या हाती दिले. १ मे १९४४ ला अथेन्सजवळ केसारियानीत दोनशे जणांना गोळ्या घातल्या, त्यातले बहुतेक आक्रोनाफ्प्लियाचे जुने कैदी. नंतर तुरुंग पाडला आणि माथ्यावर हॉटेलं बांधली. व्हेनिसचा एकेक चिरा जपणाऱ्या गावानं त्या भिंती ठेवायला हव्या होत्या, असं मला मनापासून वाटतं.

तांडेल

जुनीवही, मी त्या माथ्यावर उभा राहून सूर्यास्त पाहिला होता. कप्तानांनी यातलं काही सांगितलं नाही. आता परत गेलो तर तिथं वेगळ्या पायांनी चालेन.

युद्धाचं निघालंय म्हणून जहाजवाल्याची एक नोंद. एप्रिल १९४१, ब्रिटिश फौज ग्रीसमधून माघार घेत होती. नाफ्प्लिओच्या बंदरात 'अल्स्टर प्रिन्स' रुतलं आणि धक्का अडला. माणसं लहान होड्यांतून बाहेरच्या मोठ्या जहाजांवर न्यावी लागली. 'स्लामात' हे डच जहाज अजून माणसं घ्यायला थांबलं आणि उशिरा निघालं. सकाळी विमानांनी गाठलं. त्यातून वाचलेल्यांना उचलणाऱ्या 'डायमंड' आणि 'रायनेक' या दोन विनाशिकाही त्याच दिवशी बुडवल्या. जवळपास हजार माणसं गेली. निघायची वेळ झालेली आणि माणसं अजून होड्यांत असतात, तेव्हा जहाजाच्या ब्रिजवर उभ्या असलेल्या कप्तानाचं काय होत असेल, हे मला थोडंफार कळतं.

द्राक्षवेल

नाशिकहून लिहितोय. इतिहासातलं फार कळत नाही, घरची द्राक्षबाग आहे. पौसानियासनं नाफ्प्लिओत गाढवाचं शिल्प पाहिल्याचं कुठंतरी वाचलं होतं. ते हेच गाव का?

शब्दखुळी

हेच! तो लिहितो की खडकावर गाढव कोरलेलं आहे, कारण गाढवानं वेलाचे शेंडे कुरतडले आणि त्या वेलाला पुढं जास्त द्राक्षं लागली. अशी लोकांना छाटणी समजली. गाव ओसाड होतं, पण कुणीतरी उरून त्याला ही गोष्ट सांगितली होती.

द्राक्षवेल

अगदी खरं आहे ते. फळ येतं ते नव्या फुटीवर. काडी तशीच वाढू दिली तर वेल नुसता पानांनी माजतो. आम्ही एप्रिलमध्ये एक छाटणी करतो, ऑक्टोबरात दुसरी. नव्या मजुराला कात्री हातात द्यायची तर आधी त्याची भीती काढावी लागते, एवढं कापल्यावर वेल जगेल का म्हणून. गाढवाला भीती नव्हती.

तांडेलकाका, ते शिल्प आहे का अजून?

तांडेल

मी कप्तानांना विचारलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं, शेजारच्यांनाही नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घरी घेऊन गेले. घर नेआ किओसला, आखाताच्या पलीकडच्या अंगाला. हे गाव १९२२ नंतर आशिया मायनरमधल्या किओसहून निघालेल्या निर्वासितांनी वसवलं. कप्तानांची आजी त्यातलीच. म्हणजे तेही बाहेरचेच. अंगणात मांडवावर एक जुना वेल होता आणि फेब्रुवारी म्हणजे तिथला छाटणीचा महिना. कप्तानांनी कात्री काढली, शिडी लावली आणि मला खालून काड्या ओढायला सांगितल्या. प्रत्येक काडीवर दोन डोळे ठेवून बाकी सगळं खाली. तासाभरात मांडव उघडा पडला आणि त्यातून पाण्यापलीकडे पालामिदी दिसायला लागला.